तिसऱ्या दगडाचा अभिषेक

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, दगडांच्या अंगावरची वीज मोजायची. असं एका वाक्यात सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग ‘वय झालं बाईचं’ असा चेहरा करतो. म्हणून सावकाश सांगते. मला सांगायला वेळ आहे, तुम्हाला ऐकायला असला तर बघा.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. आज तिथे दुकानं आणि इमारती आहेत, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या घरापासून विहिरीपर्यंत सगळा भाजीपाल्याचा मळा होता. मेथी, शेपू, कोबी, बांधाला झेंडू. सासूबाईंनी उभं आयुष्य त्या मळ्यात आणि बाजारात काढलं. विहीर काळ्या कातळात खोदलेली. मे महिन्याच्या सुट्टीत भाची यायची आणि काठावर पोटावर झोपून खाली बघत राहायची. एकदा तिनं विचारलं, “आत्या, दगड तर घट्ट आहे. मग पाणी आत कुठून येतं?”

माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी म्हटलं, “येतं कुठून तरी.”

तिला ते उत्तर आवडलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही नाही आवडलं. ती गेल्यावर आमच्या ह्यांच्या कॉलेजातल्या जुन्या पुस्तकांत शोधलं, वाचनालयातून भूगोलाची पुस्तकं आणली. कातळाला भेगा असतात, बारीक भोकं असतात, त्यातून पाणी हिंडतं, एवढं मला कळलं. पुढच्या सुट्टीत मोठ्या तोऱ्यात तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, “माहितीये मला.” तेव्हापासून आमचं असंच चाललं. ती पुढे, आणि मी मागून वाचत.

पुढे ती पुण्याला भूगर्भशास्त्र शिकली आणि दोन हजार सालानंतर डॉक्टरेट करायला लागली. तिचे सर पुण्याचे, पण तिचं यंत्र नाशिकच्या एका कॉलेजात मांडलेलं होतं, कारण सरांच्या मित्राकडे तिथे एक रिकामी खोली होती. म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. तोवर मळा गेला होता, विहीर बुजवली होती, आणि घरात माणसं उरली होती तीन: मी, आमचे हे आणि सासूबाई. चौथी ती.

आता विजेचं सांगते. हे मी तिच्याकडून इतक्यांदा समजून घेतलंय की ती शेवटी म्हणायची, “आत्या, परीक्षा तूच दे.”

कोळसा जाळला की वायू निघतो. आपल्या श्वासातून बाहेर पडतो तोच, सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या हवा स्वच्छ असली की, त्यातून तोच जातो. तो हवेत साठला की हवा तापते. तर काही लोकांचं म्हणणं असं, की हा वायू पकडावा आणि जमिनीखाली खूप खोल, खारं पाणी मुरलेल्या खडकात दाबून ठेवावा. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाणच. तो हा वायू धरून ठेवील का, हा प्रश्न.

आता तव्याचं उदाहरण घ्या. घासलेल्या तव्यावर पाणी टाकलं की पसरून बसतं. तेलकट तव्यावर टाकलं की त्याचे गोळे होतात आणि ते पळतात. तसंच दगडाच्या भोकांत. पाणी दगडाला बिलगून राहिलं तर वायूचे बुडबुडे मधल्यामध्ये अडकून पडतात, वर येत नाहीत. पाण्याची पकड सुटली तर वायूच दगडाच्या अंगाला लागतो आणि सरपटत वर निघतो. आणि पाण्याची पकड राहते की सुटते, त्यात त्या दगडाच्या अंगावरच्या विजेचा हात असतो.

खाऱ्या पाण्यात बुडालेल्या दगडाच्या अंगावर ऋण भार येतो. मग पाण्यातले धन भाराचे कण त्याच्याभोवती गर्दी करतात. भाजीबाजारात एखाद्या ओट्याला बायका खेटून उभ्या राहतात ना, तशा. अगदी ओट्याला टेकलेल्या हलत नाहीत, पण मागच्या रांगेतल्या वाहत्या गर्दीबरोबर पुढे जातात. तसं दगडातून पाणी रेटलं की मागच्या रांगेतले कण वाहून जातात, आणि दगडाच्या दोन टोकांत विजेचा फरक पडतो. अगदी बारीक. पण मोजला की दगडाच्या अंगावरचा भार कळतो. त्याचं इंग्रजी नाव झीटा पोटेन्शियल. सासूबाई त्याला ‘तिचं झीट’ म्हणायच्या.

“जेवून घे गं, मंग झीट मोज.”

तर हे मोजायला तिच्याकडे तीन दगड होते. सिन्नरच्या बाजूला कोणीतरी खोल भोक पाडलं होतं, त्यातून काढलेल्या गोल काळ्या कांड्या. मनगटाएवढ्या जाड, वीतभर लांब. ते भोक नंतर बुजवलं, यंत्र दुसरीकडे गेलं, बाकीच्या कांड्या दुसऱ्यांच्या वाट्याला गेल्या. हिच्या वाट्याला तीनच, आणि चौथी मिळायची सोय नाही.

तिचं म्हणणं असं होतं: वायू पाण्यात विरघळला की पाणी आंबट होतं आणि दगडाचा भार उतरतो, पण पुरता उतरत नाही. पाण्याची पकड राहते. म्हणजे आपला दगड वायू सांभाळू शकतो. अर्धा प्रबंध तिनं त्यावर लिहून काढला होता. पहिला दगड तिच्या बाजूनं बोलला. दुसरा मात्र उलटा; त्याचा भार जवळजवळ शून्यावर आला. सर फोनवर म्हणाले, “एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो. तिसरा काय म्हणतो ते बघा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.” प्रबंध वेळेत दिला तर परदेशातल्या एका प्रयोगशाळेत तिला दोन वर्षांसाठी घेणार होते. म्हणजे सगळं त्या तिसऱ्या दगडावर येऊन थांबलं.

मोजणीआधी दगड शुद्ध पाण्यानं धुऊन सावकाश वाळवायचा असतो. कॉलेजात त्यासाठी भट्टी होती, पण तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? भट्टी तापली की लाइट जायची. शेवटी ती कंटाळून दगड घरी घेऊन आली. बाहेर रस्त्याचं काम चाललेलं, शेजारी इमारत उठत होती, सगळीकडे धूळ.

“आत्या, घरात सगळ्यात स्वच्छ जागा कुठली? जिथे कोणी हात लावणार नाही अशी.”

“देवघर,” मी म्हटलं. ते खरंच होतं. सासूबाई तेव्हा मनमाडला होत्या, माझ्या नणंदेकडे, चांगल्या महिनाभर मुक्कामाला.

तिनं देवघराच्या खिडकीत एक स्टीलचं ताट ठेवलं, त्यात धुतलेली वाळू पसरली आणि तिसरा दगड त्यात उभा खोचून ठेवला. त्या दगडाच्या कमरेला पांढऱ्या खनिजाचे आडवे पट्टे होते. आमच्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत अशी पांढरी खडी भरलेली असतेच. मग ती सरांना भेटायला एस.टी.नं पुण्याला गेली.

आणि श्रावण लागला म्हणून सासूबाई ठरल्याआधीच परत आल्या.

रविवारी संध्याकाळी आल्या त्या गुडघे धरूनच. श्रावणी सोमवारी सोमेश्वराच्या देवळात जायचा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम, पण पायरी चढवेना. “आवंदा देव काय भेटायचा नाय,” असं म्हणून झोपल्या. सकाळी मी स्वयंपाकघरात साबुदाणा परतत होते. देवघर सकाळचं त्यांचं असतं, आम्ही कोणी तिकडे जात नाही. ताट घेऊन गेले तर सासूबाई डोळे पुसत बसलेल्या, आणि समोर चौरंगावर, त्याच स्टीलच्या ताटात, भाचीचा दगड. दूध, दही, तूप, मध, साखर सगळं झालेलं. गंध लावलेलं, बेल वाहिलेला, वर कण्हेरीचं फूल.

“आगं, तू आनलास ना माझ्यासाठी?” त्या म्हणाल्या. “न सांगता आनलास. त्रिंबकचा हाय का? पट्टं बघ, जनू भस्म लावूनच आलाय.”

मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, “आई, तो देव नाही. तो तिच्या अभ्यासाचा दगड आहे.”

“कुनाच्या?”

“भाचीच्या. झीट मोजायचा.”

सासूबाईंनी एकदा दगडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “आसंल. सकाळच्या पारी आसंल. आता न्हाय. आता मी त्याला न्हाऊ घातलाय, निवद दावलाय. आता त्यो देव हाय.”

आमचे हे दाराशी येऊन उभे राहिले, सगळं बघितलं आणि म्हणाले, “ह्या घरात दगडालासुद्धा सुखानं वाळू देत नाहीत.” आणि पेपर वाचायला गेले.

मी पुण्याला फोन करून तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तूप घरचं होतं का बाजारचं?” मी म्हटलं, “घरचं, म्हशीचं.” “गरम होतं?” “कोमट.” “बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला. बुधवारी आली. तोवर रोज अभिषेक चालूच होता. सासूबाईंना अडवणार कोण?

आल्या आल्या ती हातपाय धुऊन देवघरात जाऊन बसली. मला वाटलं आता भांडण होणार. ती चिडली नाही. सासूबाईंना तिनं सगळं समजावून सांगितलं, तवा, पाणी, वायू, तीन दगड, चौथा नाही हे. सासूबाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “म्हंजी तूप लागल्यावर तवा तेलकट झाला.”

“हो आजी. तेच.”

“मंग घासायचा.”

“घासता येत नाही. आत भोकांत गेलं असेल तर आतून धुवावं लागेल. त्याला न्यावं लागेल.”

“श्रावन संपल्यावर गंगेत सोडनार हाय मी त्याला.” आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

“मग माझं संपलं, आजी.”

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. दगडावर हळदकुंकू, अक्षता टाकल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “जावा देवा, आपल्या ठिकानी जावा. हितं पोरीचं काम अडलंय.” मग दोन्ही हातांनी दगड जरासा हलवला. गणपतीच्या मूर्तीला उत्तरपूजेनंतर हलवतो तसा. “घे. आता नुसता दगड हाय. न्हे.”

तिनं तो नेला. पुढचे कित्येक दिवस ती कॉलेजातून आली की अंगाला रंगाच्या दुकानासारखा वास यायचा. आधी कोमट पाणी, मग तूप विरघळवणारी रसायनं, मग पुन्हा पाणी, दगडातून रेटून रेटून. बाहेर पडणारं पाणी आत घातलेल्या पाण्यासारखंच निघेपर्यंत. मग मोजणी. साधं खारं पाणी, त्यानंतर सोडावॉटरवाल्याकडून आणलेल्या सिलिंडरचा वायू मिसळलेलं खारं पाणी.

तिसरा दगड दुसऱ्यासारखाच बोलला. भार शून्याजवळ. पाण्याची पकड सुटलेली. म्हणजे तिच्या विरुद्ध.

त्या संध्याकाळी तिनं आमच्या समोरच सरांना फोन लावला. सर मोठ्यानं बोलायचे, आम्हाला सगळं ऐकू आलं. “अहो, मग प्रश्न काय आहे? त्या दगडाला तूप लागलंय. तो बाद. तूप लागलेल्या दगडाचं माप कोण धरणार? दुसऱ्यालाही वाटेत काहीतरी लागलं असेल. पहिल्यावर लिहा, बाकीच्यांचं एका ओळीत सांगून टाका.”

तिनं “बघते सर” म्हटलं आणि फोन ठेवला.

आमचे हे म्हणाले, “चला, सुटलीस. आईच्या तुपानं वाचवलं तुला.”

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस त्यांना मनातून खात होतं की आपल्यामुळे पोरीचं नुकसान झालं, आणि आता तेच तिच्या फायद्याचं निघालं. “लिही की,” त्या म्हणाल्या. “माझ्या तुपानंच झालं, लिही तसं. मला काय कोन फाशी देनार हाय?”

“तुपानं झालं असेल तर लिहीन, आजी.”

“मंग झालंच की.”

“ते बघितलं कुठे अजून?”

मला तेव्हा कळलं नाही ती काय म्हणते. जेवताना तिनं सांगितलं. पहिल्या दगडाचं माप पक्कं ठाऊक आहे. त्याला तसंच तूप लावायचं, तसाच अभिषेक करायचा, तितकेच दिवस ठेवायचा, तसाच धुवायचा आणि पुन्हा मोजायचा. माप बदललं तर तुपानं घोळ केला, तिसरा दगड बाद. माप जिथल्या तिथे आलं तर धुणं चांगलं झालंय, तूप निघून गेलंय, आणि तिसरा म्हणतो ते खरं.

“आणि पहिलाही बिघडला तर?” मी विचारलं.

“तर माझ्याकडे धड असा एकही दगड नाही.”

आमचे हे घास तसाच हातात धरून म्हणाले, “तुझ्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार आहे, आणि त्यालाच तुपात बुडवणार तू?”

“दुसऱ्या कोणाला बुडवून उपयोग नाही ना.”

मला वाटलं होतं अडचण सासूबाईंची होणार, आणि तशीच झाली. पूजेची त्यांना सवय, पण परीक्षेसाठी पूजा? “मी खोटी पूजा करत नाय,” त्या म्हणाल्या. “दगड समजून तूप वतायचं तर तूच वत.”

“मी ओतलं तर तसं होणार नाही, आजी. तुमचा हात वेगळा. किती दूध, किती तूप, किती वेळ चोळलं, हे तुमच्याच हाताला माहीत.”

“किती म्हंजी? लागंल तेवढं.”

“तेच हवंय मला. लागेल तेवढं.”

“आन आता श्रावन नाय. भादवा लागलाय.”

“दगडाला महिना कळत नाही.”

“दगडाला नाय कळत. देवाला कळतो,” सासूबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पण तूप करायला त्यांनीच मला सांगितलं. जुनं तूप संपत आलं होतं, आणि भाचीला तेच हवं होतं, त्याच गवळ्याच्या म्हशीच्या दुधाचं. मी रोज साय काढून ठेवायला लागले. विरजण लावलं, ताक घुसळलं, लोणी कढवलं. सासूबाई बाजूला बसून बघायच्या. कढताना म्हणाल्या, “मागच्या टायमाला येवढं खरपूस नव्हतं. काढ आता.” मी गॅस बंद केला. मग मला जाणवलं की त्या तयार झाल्या आहेत.

अट एकच घातली. करायची तर पूजा खरी करायची, संकल्प सोडून. हातात पाणी घेऊन बसल्या आणि भाचीला विचारलं, “काय मागू?”

“काही मागू नका, आजी.”

“मागनं नाय तर संकल्प कशाचा? तुझ्या बाजूनं लागू दे म्हनू का?”

“नको! ते तर मुळीच नको.”

“आगं, मनातून तुला तेच हवंय ना?”

तिनं दगडाकडे बघितलं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, पहिला दगड ताटात उभा होता, त्याच्यावर पट्टेबिट्टे काही नव्हते, नुसता काळा. शेवटी ती म्हणाली, “हवंय. म्हणून तर मागू नका.”

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग पाणी सोडत म्हणाल्या, “जे आसंल ते दिसू दे.” आणि दुधाची वाटी उचलली.

मी तो अभिषेक शेजारी बसून बघितला. भाची लांब भिंतीला टेकून उभी. सासूबाईंचा हात अगदी रोजचा होता, कुठे घाई नाही, कुठे जास्तीचा भक्तिभाव नाही. तूप ओतून अंगठ्यानं चोळलं, खालपासून वरपर्यंत, लहान मुलाला तेल लावतात तसं. मध. साखर. पुन्हा पाणी. गंध, बेल. एवढे दिवस तो, तेवढेच दिवस हा. मग तशीच उत्तरपूजा, तसंच हलवणं. “जावा देवा.”

मग पुन्हा कॉलेज, पुन्हा तो वास. ह्या वेळी दिवस लांबत गेले, कारण मध्येच पंपाची रबरी नळी फाटली आणि नवी पुण्याहून यायला वेळ लागला. घरात त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं. सासूबाई मात्र रोज विचारायच्या, “धुतला का?” ती म्हणायची, “धुतेय.”

निकाल आला तो दुपारी. सासूबाई आणि मी ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. ती स्कुटीवरून आली, हेल्मेट काढलं आणि पायरीवर बसली.

“आला का?” सासूबाई.

“आला.”

“काय म्हनतो?”

“पहिला दगड जिथे होता तिथेच आला, आजी. अगदी जिथल्या तिथे. तुमच्या तुपाचा काही दोष नाही.”

सासूबाईंनी मेथीच्याच हातांनी नमस्कार केला. मग तिच्याकडे बघितलं आणि हात खाली आले. “मंग तिसरा?”

“तिसरा म्हणतो ते खरं.”

“आन दुसरा?”

“तोही.”

“म्हंजी तुझं म्हननं...”

“पडलं.”

 शेजारच्या इमारतीवर काँक्रीटचं मिक्सर फिरत होतं. सासूबाई मेथी बाजूला सारून म्हणाल्या, “माझ्या तुपानं बिघडलं आसतं तर लय बरं झालं आसतं गं.”

ती हसली. खरंच हसली, ओढूनताणून नाही. “हो ना. मलाही रोज तेच वाटत होतं.”

मग ती आत गेली आणि सरांना फोन लावला. “सर, तूप निर्दोष आहे,” हे तिचं पहिलं वाक्य. त्यावर सरांचा आवाज चढला तो आम्हाला ओट्यावर ऐकू आला. ती मध्ये मध्ये “हो”, “हो सर”, “नाही, बाद नाही करता येणार” एवढंच म्हणत होती. शेवटी सर शांत झाले असावेत, कारण ती म्हणाली, “मधली सगळी प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील. वर्ष जाईल.” आणि मग, “हो, ती जागा जाईल. माहितीये.”

ती जागा गेलीच. तिथे दुसरं कोणीतरी गेलं. ह्यांनी तिला एकदा टोचलं, “साक्षीदाराला तुपात बुडवलं नसतं तर आज विमानात असतीस.” तिनं ऐकून घेतलं आणि भात वाढून घेतला.

ते वर्ष ती आमच्याकडेच होती. सकाळी कॉलेज, दुपारी लिहिणं. नवीन प्रबंधात तिनं काय म्हटलं ते मी वाचलं आहे, म्हणजे तिनं मराठीत सांगितलं तसं. काही दगडांत पाण्याची पकड राहते, काहींत सुटते. कशात राहील हे आधी सांगता येत नाही. म्हणून वायू खाली घालायचा तर जिथे घालायचा तिथला दगड आधी तपासा, दुसऱ्या गावचा तपासून चालणार नाही. तीन दगडांवरून ह्यापेक्षा जास्त बोलायला तिनं नकार दिला. सरांनी सही केली. पुढे सर तिच्याशी नीट बोलायचे, पण पूर्वीसारखं मोठ्यानं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला त्या एका ओळीबद्दल विचारलं. प्रबंधात तिनं लिहिलं होतं की तिसऱ्या नमुन्यावर दूध, तूप आणि मधाचा लेप बसला होता, आणि पहिल्या नमुन्यावर तो मुद्दाम बसवण्यात आला. परीक्षकांनी विचारलं, हे कुठल्या पद्धतीनं? तिनं सांगितलं, “घरच्या.” मग त्यांनी धुण्याची रसायनं विचारली आणि पुढच्या पानावर गेले.

घरी आल्यावर सासूबाईंनी तिला जवळ बसवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या पुस्तकात माझं नाव हाय का?”

“नाव नाही, आजी. तूप आहे.”

“आन संकल्प?”

“तो नाही लिहिता येत.”

“नको लिहू,” सासूबाई म्हणाल्या, “पन त्यो फळला.” आणि पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत बसल्या.